चौदाव्या वर्षी गळणारी मुलं: एका स्काऊट पथकाचं प्रकरण

वर्षाच्या सुरुवातीला पटावर २८ मुलं होती. सात-सात जणांचे चार संघ, आठवड्यातून एकदा दीड तासाची पथकसभा. वर्ष संपताना पट २२ वर आला. गेलेली सहाही मुलं तेरा ते पंधरा वयाची होती. दहा-अकरा वर्षांचं एकही मूल गेलं नव्हतं. सहा हा आकडा किरकोळ वाटतो, पण त्यात दोन संघनायक आणि एक उपसंघनायक होता. ज्यांच्याकडे बघून धाकटी मुलं शिकतात तीच निघून गेली, तर पुढच्या वर्षी आणखी जातात.

हे पथक नमुन्यादाखल घेतलं आहे आणि पटाचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते आहेत. अडचणी मात्र पथक चालवणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

मुलं काय सांगत होती

विचारल्यावर कारण एकच मिळत होतं: अभ्यास वाढला, वेळ नाही. पण हीच मुलं सुट्टीच्या दिवशी सायकली काढून चार-चार तास बाहेर असायची. तेव्हा वेळेचं कारण बाजूला ठेवून स्काऊटरनी, म्हणजे पथक चालवणाऱ्या मोठ्यांनी, एका पथकसभेचा मिनिटवार हिशेब मांडला. ध्वज, हजेरी, कवायत: २० मिनिटं. गाठी: २५. प्रथमोपचाराचं व्याख्यान: २०. खेळ: १५. सूचना: १०. या नव्वद मिनिटांत मुलांनी स्वतः घेतलेला निर्णय एकच होता, खेळ कोणता खेळायचा.

गाठींची पंचवीस मिनिटं तर फारच बोलकी होती. क्लोव्ह हिच, म्हणजे वाशाला दोर अडकवायची साधी गाठ, वर्षातून तीनदा शिकवली जात होती. चौदा वर्षांच्या मुलाने ती अकराव्या वर्षीच पक्की केली होती, आणि त्यानंतर खुर्चीच्या पायाखेरीज ती कशालाही बांधली नव्हती. जी गाठ कधी कुणाचा भार घेत नाही ती चुकली काय आणि बरोबर आली काय, काहीच फरक पडत नाही. मुलांना हे आपल्याआधी कळतं.

पहिला उपाय: विकत घेतलेलं साहस

पथकाने पहिल्यांदा जे केलं ते बहुतेक पथकं करतात. एका साहसकेंद्रावर दिवसभराची सहल ठरवली. झिपलाइन, कृत्रिम भिंतीवर चढाई, सगळं प्रशिक्षित लोकांच्या हाती. २६ मुलं आली, त्यांत सोडून गेलेली चौघंही होती. सगळे खूश. पुढच्या पथकसभेला २२, त्यापुढच्या सभेला २०.

का? झिपलाइनचा हिशेब करून पाहू. दोर एक, मुलं २६, पट्टा चढवणं-उतरवणं धरून माणशी तीन मिनिटं. एकूण ७८ मिनिटं, त्यातली ७५ प्रत्येकाची रांगेत. उरलेल्या तिनांपैकी प्रत्यक्ष घसरणं अर्धा-पाऊण मिनिट. पट्टा दुसऱ्याने बांधला, तपासला दुसऱ्याने, ‘जा’ म्हटलं तेही दुसऱ्याने. मुलाच्या वाट्याला फक्त थरार आला. थरार वाईट नाही, पण त्यात मुलाचं स्वतःचं काही नसतं. दुसऱ्यांदा तो तेवढा लागत नाही आणि पुढच्या आठवड्याशी त्याचा धागाही जुळत नाही. सहल संपली की पुन्हा खुर्चीचा पाय आणि क्लोव्ह हिच.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर स्काऊट चळवळीचे संस्थापक बेडन-पॉवेल यांनी पहिलं प्रायोगिक शिबिर घेतलं, तेव्हा २० मुलांचे चार संघ पाडले होते: लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी आणि डोमकावळा. प्रत्येक संघाची जबाबदारी त्या संघाच्या नायकावर होती. साहस आणि जबाबदारी ही जोडी तिथपासूनची आहे. आपण पुष्कळदा साहस तेवढं उचलतो आणि जबाबदारी मोठ्यांकडेच ठेवतो.

दुसरा उपाय: कुंपण मोठ्यांचं, आतलं मुलांचं

या वेळी स्काऊटरनी कार्यक्रम आखला नाही. चारही संघनायकांना (दोन नव्याने निवडलेले) बसवून एका कागदावर पाच ओळी दिल्या. दोरांचा पूल बांधला तर एका वेळी त्यावर एकच जण. त्याचा पायदोर, म्हणजे ज्यावर पाय ठेवून चालायचं तो दोर, जमिनीपासून सव्वा मीटरपेक्षा उंच नाही. मुक्कामाच्या जागी सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोचायचं. कुणीही एकटं चालायचं नाही. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर काम थांबवून आसरा गाठायचा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. या पाच ओळींवर चर्चा नाही. त्यांच्या आत काय करायचं, कुठे, कुणी आणि कधी, हे संघांनी ठरवायचं.

संघांनी दोन गोष्टी निवडल्या: आठ मीटरचा मंकी ब्रिज (पायाखाली एक आणि हातांना दोन अशा दोरांचा पूल) आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी एका रात्रीची संघमोहीम. मधल्या पथकसभा आपोआपच तयारीच्या झाल्या. आता गाठी शिकायच्या होत्या त्या पुलासाठी, आणि पूल उभा राहायची तारीख ठरलेली होती.

पूल

सामान असं होतं. पायांसाठी २.८ मीटरचे चार वासे, तळाला आडवे दीड-दीड मीटरचे दोन. पायदोर २० मिमी जाडीचा, २० मीटर. हातदोर १२ मिमीचे, प्रत्येकी २० मीटर, दोन. पायदोर आणि हातदोर जोडणारे आडदोर साधारण ६० सेंमी अंतराने बारा, प्रत्येकी तीन मीटर. लॅशिंगसाठी, म्हणजे वासे एकमेकांना दोराने आवळून बांधायला, ८ मिमीचे पाच मीटरचे सहा तुकडे. ७५ सेंमी लांबीच्या २४ मेखा, लाकडी हातोडे, आणि पायदोर जिथे वाशांच्या बेचक्यात टेकतो तिथे घालायला जाड गोणपाट. मुख्य दोर नायलॉनचा घेतला नाही. नायलॉन फार ताणतो. पहिलं मूल पार होईपर्यंत पूल जमिनीला टेकलेला असतो. मॅनिला किंवा पॉलिएस्टर बरा.

दोन्ही टोकांना दोन-दोन वासे फुलीसारखे बांधायचे. फुलीची बेचकी जमिनीपासून १.२ मीटरवर, तळाला आडवा वासा. सगळीकडे स्क्वेअर लॅशिंग: क्लोव्ह हिचने सुरुवात, तीन वेढे, मग दोन वाशांच्या मधून आवळणारे किमान दोन फेरे, शेवट पुन्हा क्लोव्ह हिच. हे मधले आवळफेरे मुलं घाईत एकावरच भागवतात. लॅशिंग सैल पडण्याचं पहिलं कारण तेच, दोर जुना असणं हे त्यानंतरचं. तपासायला सोपं आहे: वासा दोन्ही हातांनी पिळायचा. लॅशिंगने ‘कुर्र’ केलं तर सोडून पुन्हा बांधायचं.

पायदोराची टोकं ३-२-१ अँकरला, म्हणजे जमिनीत ठोकलेल्या मेखांच्या आधाराला, जातात. पुढे तीन मेखा, त्यामागे दोन, शेवटी एक. पुढच्या मेखांच्या डोक्यापासून मागच्यांच्या बुडाकडे दोर, तो काठीने पिळून ताठ केलेला. मेखा ओढीच्या उलट दिशेला झुकवून ठोकायच्या आणि दोन-तृतीयांश, म्हणजे ५० सेंमी, जमिनीत गेल्या पाहिजेत. हातदोरांच्या चारही टोकांना २-१ पुरतं. अँकर फुलीपासून किमान तीन मीटर मागे, नाहीतर दोर वाशांना मागे खेचण्याऐवजी खाली दाबतो आणि फुली फाकते.

पहिल्या दिवशी नेमकं कुठे बिघडलं ते नीट पाहण्यासारखं आहे. संघाने पायदोर इतका ताणला की तो जवळजवळ आडवा झाला. दिसायला सुंदर. पहिला मुलगा मध्यावर पोचला तेव्हा उजव्या अँकरची सगळ्यात पुढची मधली मेख बोटभर वर आली आणि तिच्याभोवतीची माती भाकरीसारखी उचलली गेली. मेखेवर नजर ठेवणाऱ्या मुलीने ‘थांब’ म्हणून हाक मारली, मुलगा सावकाश परतला, आणि काम थांबलं.

जमीन मऊ आहे, आणखी मेखा ठोकू, असं सगळ्यांना वाटलं. खरं कारण झोळाचं, म्हणजे दोर मध्यावर किती खाली येतो त्याचं, होतं. मध्यावर भार असेल तर दोरातला ताण ढोबळमानाने असा निघतो: भार गुणिले अंतर, भागिले झोळाची चौपट. ६० किलोचं मूल आणि आठ मीटरचं अंतर धरा. झोळ ८० सेंमी असेल तर ताण १५० किलोचा. झोळ ४० सेंमी केला की ३००. २० सेंमीवर आणला की ६००! आणि हे मूल शांत उभं असताना. उड्या मारल्या की ताण दुपटीच्या घरात जातो. शिवाय गाठीपाशी दोराची ताकद एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत घटते, म्हणून दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाचव्या हिश्शापेक्षा जास्त भार कधी येऊ द्यायचा नाही. म्हणजे दोर जितका देखणा ताठ, तितका अँकर धोक्यात.

हा हिशेब स्काऊटरनी आधीच सांगता आला असता. तो आधीच्या सभेत फळ्यावर मांडलाही होता आणि कुणी फारसा ऐकला नव्हता. मेख वर आलेली पाहिल्यावर मात्र चौदा वर्षांच्या दोघांनी काठीने झोळ मोजला, वहीत भागाकार केला आणि दोर सैल सोडला. १.२ मीटरची बेचकी, ८० सेंमी झोळ: पुलाच्या मध्यावर पाय जमिनीपासून ४० सेंमीवर. पडलं तर उभ्याने पडता येईल इतकंच. तरीही मध्यावर पूल आडवा झुलतो आणि भल्याभल्यांचे गुडघे कापतात. साहसाला उंची फारशी लागत नाही.

पुन्हा उभारल्यावर पहिला भार सगळ्यात जड माणसाचा, म्हणजे एका स्काऊटरचा, मध्यावर पूर्ण मिनिटभर. तोवर प्रत्येक अँकरपाशी एक मूल, मेखेच्या बाजूला, दोराच्या रेषेत कधीच नाही. ज्यांना पूल पार करायचा नव्हता अशा तिघांकडे हा मेखपहारा दिला. तो खरा कामाचा पहारा होता, ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता, आणि त्यातल्या दोघांनी दिवस संपायच्या आत पूल पार केला. तिसरीने केला नाही, तिला कुणी विचारलंही नाही.

रात्रीची मोहीम

मार्ग १२ किलोमीटरचा, एकूण चढ ३५० मीटर, नकाशा १:२५,०००. संघाने मार्गपत्रक स्वतः भरलं: प्रत्येक टप्प्याची दिशा, अंतर, चढ, वेळ आणि टप्पा सोडायची वेळ आली तर जवळचा बाहेरचा रस्ता. वेळेचा हिशेब असा. ताशी चार किलोमीटरने तीन तास. दर दहा मीटर चढाला एक मिनिट, म्हणजे ३५ मिनिटं. दर तासाला दहा मिनिटं विश्रांती धरून आणखी ३५. झाले चार तास दहा मिनिटं. नवख्या संघासाठी त्यावर पाव भाग वाढवला की सव्वापाच तास. सूर्यास्त साडेसहाला, मुक्कामावर साडेचारला, म्हणजे सव्वाअकराच्या आत निघायलाच हवं. एका संघाने पहिल्या खेपेला विश्रांती धरलीच नव्हती आणि निघायची वेळ बारा लिहिली होती. चूक दुसऱ्या संघाने काढली. स्काऊटरच्या लाल शाईपेक्षा ती बरी लागू पडते.

पाठीवरचं ओझं वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत, हा ठरलेला नियम होता. तरी अकरा वर्षांच्या ३५ किलोच्या मुलाच्या सॅकमध्ये ११ किलो निघाले, कारण सामायिक सामान सगळ्यांत ‘सारखं’ वाटलं गेलं होतं. लटकता वजनकाटा आणून प्रत्येक सॅक मोजली तेव्हा संघनायकाने ताडपत्री आणि भांडी स्वतःकडे घेतली. माणशी तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो, हे मुलं वजनात धरतच नाहीत.

दोन स्काऊटर संघाच्या मागे नजरेच्या टप्प्यात राहिले, साधारण तीनशे मीटरवर. आणखी दोघे वाटेत ठरलेल्या जागांवर थांबले. संघ अर्धा तास उशिरा झाला तर पुढच्या जागेवरच्याने उलट चालत यायचं. मागच्या दोघांनी बोलायचं नव्हतं. अपवाद फक्त पाच ओळींपैकी एखादी मोडत असेल तर.

चौथ्या किलोमीटरला फाटा होता. नकाशा संघनायकाच्या हातात, बाकीचे गप्पांत, आणि संघ डावीऐवजी उजव्या वाटेने गेला. मागच्यांना ते लगेच कळलं. उजवी वाट सुरक्षित होती आणि अर्ध्या किलोमीटरनंतर एका रहदारी नसलेल्या रस्त्याला लागत होती, म्हणून दोघेही गप्प राहिले. चारशे मीटर, ताशी चार किलोमीटरने सहा मिनिटं. चालून गेलेल्या माणसालाच कळेल ती सहा मिनिटं किती लांब असतात. मग मागून चालणारी बारा वर्षांची मुलगी थबकली. “ओढा डाव्या हाताला हवा ना? हा तर उजवीकडे वाहतोय.” संघ थांबला, नकाशा जमिनीवर पसरला, होकायंत्र लावलं गेलं. पाच मिनिटं वाद झाला आणि सगळे फाट्यापर्यंत मागे आले. तिथून पुढे नकाशा दर टप्प्याला दुसऱ्याच्या हाती जाऊ लागला. हा नियम कुठल्याच कागदावर नव्हता. संघाने तो तिथल्या तिथे केला.

हाक मारली असती तर सतरा-अठरा मिनिटं वाचली असती, आणि पुढच्या प्रत्येक फाट्यावर सगळ्या माना मागे वळल्या असत्या. कुठे गप्प राहायचं हे मात्र आधी ठरलेलं हवं. मार्ग आखताना प्रत्येक फाट्यावर चुकीची वाट कुठे जाते हे मोठ्यांनी पायी जाऊन पाहिलेलं असावं. जिथे ती कड्याकडे, पाण्याकडे किंवा वाहत्या रस्त्याकडे जाते तिथे माणूस उभा करायचा. बाकी ठिकाणी चुकू द्यायचं. पाहणी न करता गप्प बसणं हा निष्काळजीपणा आहे, आणि या दोन गोष्टींत गल्लत करणारी पथकंच पुढे घाबरून सगळं बंद करतात.

मुक्काम ताडपत्रीखाली. तीन बाय चार मीटरची ताडपत्री चौघांना पुरते. मधला आडदोर १.२ मीटर उंच, वाऱ्याकडची कड जमिनीलगत. रात्री पाऊस आला आणि एका ताडपत्रीत आडदोरावरून पाणी ओघळत थेट डोक्याशी आलं. ताडपत्रीच्या अलीकडे आडदोराला वीतभर सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडला की पाणी तिथूनच गळून जातं. दुसऱ्या ताडपत्रीतल्यांना हे माहीत होतं आणि त्यांनी मध्यरात्री येऊन ते बांधून दिलं. थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते, म्हणून अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक खाली घालणं बरं, हेही त्याच रात्री पटलं.

पुढचे तीन महिने

पालकांची काळजी परवानगीच्या कोऱ्या कागदाने मिटत नाही. त्यांना मार्गाचा नकाशा, पाच ओळी आणि ‘उशीर झाला तर कोण काय करेल’ हे लेखी दिलं, तेव्हा एकच घर नाही म्हणालं. त्या मुलाला आग्रह केला नाही. तो मार्गपत्रकं तपासायला आला. ज्यांच्याकडे सॅक किंवा चांगले बूट नव्हते त्यांच्यासाठी पथकाने सामायिक पेटी केली. ‘मला यायचं नाही’ म्हणणाऱ्यांतले काही जण खरं तर ‘माझ्याकडे सामान नाही’ एवढंच म्हणत असतात.

सोडून गेलेल्या सहांपैकी तिघं परत आली. बाकी तिघं आली नाहीत, आणि सगळी येतील अशी अपेक्षाही धरू नये. काहींना खरोखरच दुसरं काही आवडू लागलेलं असतं. हजेरी मोजायची असेल तर मोहिमेच्या दिवसाची मोजू नका, तिच्यानंतरच्या तिसऱ्या पथकसभेची मोजा. इथे ती २४ होती. त्याहून महत्त्वाचं, संघनायकांच्या सभेत ‘आता पुढे काय’ हा प्रश्न स्काऊटरच्या आधी मुलांनी काढला.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. अकरा वर्षांच्यांना जे पुष्कळ वाटतं ते पंधरा वर्षांच्यांना दुसऱ्याच खेपेला थोडं वाटायला लागतं. सध्या मोठ्यांसाठी वर्षातून दोन अवघड मोहिमा वेगळ्या ठेवल्या आहेत, पण त्यामुळे त्या दिवशी धाकटे नायकाविना राहतात. उपसंघनायकांना त्या दिवशी संघ चालवू द्यायचा प्रयोग सुरू आहे.

मोठ्यांची पहिली मागणी आलीच: दहा मीटरचा पूल. या वेळी हिशेब त्यांनीच जोडला होता. ताण १५० किलोच ठेवायचा तर झोळ एक मीटर. मध्यावर ४० सेंमी सोडायचे तर बेचकी १.४ मीटरवर, म्हणजे २.८ मीटरचे वासे तोकडे पडतात, तीन मीटरचे चार लागतील. बेचकी तशीच ठेवून झोळ ६० सेंमी केला तर ताण २५०, आणि मेखा जमिनीबाहेर. त्याखाली दोन नावं होती, वासे कोण बघणार त्यांची, आणि त्यापुढे एक प्रश्न: ‘पायदोर सव्वा मीटरपेक्षा उंच नाही’ ही ओळ बदलता येईल का, आणि येणार असेल तर खाली काय अंथरायचं?